पुढच्या गाडीच्या किती मागे?

शनिवारी सकाळी मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर पनवेल मागे पडलं की उजवीकडच्या लेनमध्ये गाड्यांची लांबच लांब रांग लागलेली दिसते. वेग ताशी १००च्या आसपास आणि दोन गाड्यांमध्ये जेमतेम १० मीटर, म्हणजे मध्ये अडीच मोटारी मावतील एवढी जागा. प्रत्येकाची नजर पुढच्याच्या ब्रेक लाइटवर. तो ब्रेक मारेल तेव्हा मीही मारीन, त्यात काय, असा प्रत्येकाचा हिशेब. हा हिशेब कुठे चुकतो ते सेकंदाचे तुकडे करून पाहू.

ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ २८ मीटर. क्रिकेटची खेळपट्टी २० मीटरची असते. तुम्ही ‘एक’ म्हणेपर्यंत गाडी ती ओलांडून वर आठ मीटर पुढे गेलेली असते. आता समजा पुढच्याने करकचून ब्रेक मारला. रस्ता कोरडा आणि टायर चांगले असतील, तर मोटारीचा वेग दर सेकंदाला साधारण ताशी २५ किलोमीटरने उतरतो. इकडे तुमच्या डोळ्यांना लाल दिवा दिसला. पुढचा नुसता वेग कमी करतोय की खरोखर थांबतोय, हे मेंदूने ठरवलं. पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला, ब्रेकवर नेला, दाबला. सावध, जागा, मोबाईलला हात न लावणारा माणूस असला तरी एवढ्यात दीड सेकंद सहज जातो.

त्या दीड सेकंदात पुढच्याचा वेग १००वरून ६२वर आलेला आहे. तुमचा अजून पुरता १००. दहा मीटरपैकी जवळजवळ आठ मीटर तुम्ही खाऊन टाकले आहेत. तुमचा ब्रेक लागला खरा, पण उरलेले दोन मीटर संपायला ०.२ सेकंद पुरतात. धडक बसते ती वेगात ताशी ३८ किलोमीटरचा फरक असताना. तुमच्या गाडीला चार डिस्क ब्रेक असोत, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असो, परवाच सर्व्हिसिंग झालेलं असो, त्या सगळ्याला काम करायला मिळाले सेकंदाचे दोन दशांश.

सुरक्षित अंतर म्हणजे नेमकं काय, हे इथे कळतं. ब्रेकने गाडी थांबवायला लागणारी जागा, असं आपण समजतो. मुळात ती जागा लागते ब्रेक लागण्याच्या आधी, डोळ्यांना, मेंदूला आणि पायाला. ब्रेक सुधारले, टायर सुधारले, गाड्यांत एअरबॅग आल्या, पण माणसाचा दीड सेकंद होता तिथेच आहे.

खरं तर दीड सेकंद हाही उदार मनाने धरलेला आकडा नाही. आपल्याकडे रस्त्यांची आखणी करणारे इंजिनिअर इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांनुसार चालकासाठी अडीच सेकंद धरतात. ताशी १०० किलोमीटरसाठी आखलेल्या रस्त्यावर चालकाला कुठूनही पुढचा १८० मीटर रस्ता मोकळा दिसला पाहिजे, असं त्या हिशेबातून निघतं. ८०साठी हा आकडा १२० मीटर आहे. म्हणजे ज्यांनी रस्ता बांधला त्यांनी तुम्हाला १८० मीटर दिले आहेत आणि आपण १० मीटरवर चालवतो आहोत.

थांबायला किती जागा लागते?

पुढे कुणीही नाही आणि अचानक रस्त्यात गुरं आली, असं धरून हिशेब करू. कोरडा रस्ता, बरे टायर, दीड सेकंदाचा प्रतिसाद. ताशी ६०ला पाय ब्रेकवर जाईपर्यंत २५ मीटर आणि ब्रेक लागल्यावर २० मीटर, एकूण ४५. ताशी ८०ला ३३ आणि ३५, एकूण ६८. ताशी १००ला ४२ आणि ५५, एकूण ९७. समृद्धी महामार्गावर मोटारींना १२०ची मुभा आहे. तिथे ५० आणि ७९, म्हणजे १२९ मीटर.

६० आणि १२० शेजारी ठेवून पाहा. वेग दुप्पट झाला, प्रतिसादाचं अंतर दुप्पट झालं, पण ब्रेकचं अंतर चौपट झालं. गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते आणि ती सगळी ब्रेकना उष्णता करून बाहेर टाकावी लागते, म्हणून असं होतं. याचा अर्थ किती गंभीर आहे ते एका उदाहरणात दिसतं. दोन सारख्या गाड्या शेजारी-शेजारी चालल्या आहेत, एक ८०ने, दुसरी १००ने. दोघांना एकाच क्षणी तेच जनावर दिसलं. पहिली ६८ मीटरवर, नेमकी त्याच्या पुढ्यात थांबली. दुसरी त्याच जागी पोहोचते तेव्हा तिचा वेग किती असेल? बहुतेक जण सांगतात २०, फार तर ३०. उत्तर आहे ताशी ७० किलोमीटरच्या वर. तिच्या चालकाने ब्रेक वेळेवरच मारला होता. 

मग कुणी विचारेल, १००च्या वेगाला पुढच्या गाडीमागे ९७ मीटर ठेवायचे का? नेहमी नाही. पुढची गाडी म्हणजे भिंत नव्हे. तिने ब्रेक मारला तरी तिलाही थांबायला ५५ मीटर लागतात आणि तेवढी ती पुढे सरकते. दोघांचे ब्रेक सारखे असतील, तर ब्रेकच्या अंतरांची वजाबाकी होऊन शून्य उरतं आणि उरतो फक्त तुमच्या प्रतिसादाचा वेळ. दोन सेकंदांचा जो नियम जगभर शिकवला जातो तो यातूनच आला. दीड सेकंद माणसाचा, अर्धा सेकंद पदरी शिल्लक.

हा नियम मीटरमध्ये न सांगता सेकंदात सांगतात याचं मला फार कौतुक वाटतं. चालत्या गाडीतून ५५ मीटर कुणालाच ओळखता येत नाहीत. शिवाय वेग बदलला की मीटर बदलतात, सेकंद तेच राहतात. ६०ला दोन सेकंद म्हणजे ३३ मीटर, १००ला ५५, १२०ला ६७. डोक्यात एकच आकडा ठेवायचा. जर्मनीत स्पीडोमीटरवरचा आकडा निम्मा करून तेवढे मीटर ठेवा असं शिकवतात. १००ला ५० मीटर, म्हणजे हिशेब तोच. तिथे पुलांवर कॅमेरे लावून दोन गाड्यांमधलं अंतर मोजतात आणि दंडही जबर करतात.

मोजायची रीत सोपी आहे. पुढच्या गाडीने एखादी ठळक खूण ओलांडली की मोजायला लागा. किलोमीटरचा दगड, फलकाचा खांब, पुलाची सावली, रस्त्यावरचं डांबराचं ठिगळ, काहीही चालेल. मनात शांतपणे ‘एक हजार एक, एक हजार दोन’ म्हणा. प्रत्येकाला साधारण एक सेकंद लागतो. ‘दोन’ संपण्याआधी तुमची गाडी त्या खुणेवर पोहोचली, तर तुम्ही जवळ आहात. पहिल्यांदा मोजून पाहणारे बहुतेक जण दचकतात, कारण ज्याला आपण भरपूर अंतर समजत होतो ते एका सेकंदाचंही निघत नाही. गाडी शिकणाऱ्या मुलामुलींना क्लच-गिअरच्या जोडीने हे मोजणं पहिल्या आठवड्यातच शिकवलं पाहिजे. एकदा डोळ्याला ते अंतर ओळखीचं झालं की पुढे मोजावंही लागत नाही.

दोन सेकंद कधी पुरत नाहीत

दोन सेकंद ही किमान मर्यादा आहे. ती एका गृहीतावर उभी आहे: पुढचा ब्रेक मारून, रस्त्यावर घासत, सरळ रेषेत थांबेल. आपल्या रस्त्यांवर हे गृहीत मोडायला फारसं काही लागत नाही.

सर्वांत भयंकर प्रकार म्हणजे पुढची गाडी ब्रेक न लागता जागच्या जागी थांबणं. तिच्यापुढे लेनमध्ये बंद पडलेला ट्रक उभा आहे, चालकाला तो दिसलाच नाही आणि ती सरळ त्यावर आदळली. आता वजाबाकीला काही उरलं नाही. १००च्या वेगाला तुमच्याकडे ५५ मीटर होते, त्यातले ४२ प्रतिसादात गेले. उरलेल्या १३-१४ मीटरमध्ये ब्रेक दाबून तुमचा वेग उतरतो तो फक्त ८६पर्यंत. एकामागोमाग सात-आठ गाड्या एकमेकांवर चढलेल्या आपण बातम्यांत पाहतो, त्या अशाच. म्हणून द्रुतगती मार्गावर मोकळ्या रस्त्यालाही तीन-साडेतीन सेकंद ठेवावेत असं माझं ठाम मत आहे. ९७ मीटर आणि साडेतीन सेकंद ही १००च्या वेगाला एकच गोष्ट आहे.

दुसरा उपाय नजरेचा. पुढच्या गाडीच्या ब्रेक लाइटकडे न बघता तिच्या काचेतून, बाजूने, वळणावर तिच्याही पुढच्या दोन-तीन गाड्या बघायच्या. तिसऱ्या गाडीचा लाल दिवा तुम्हाला दिसला, तर तुमचा प्रतिसाद पुढच्याच्या बरोबरीने सुरू होतो. कंटेनरच्या मागे मात्र हे जमत नाही. तो समोर आला की पुढचा रस्ता नाहीसा होतो. दिसतात फक्त दोन दारं, एक साखळी आणि बहुतेक वेळा चिखलाने माखलेले दिवे. अशा वेळी उलट मागे सरकायचं. जितकं मागे राहाल तितकं त्याच्या दोन्ही बाजूंनी पुढचं दिसू लागतं. ओव्हरटेक करायचा असेल तरी मागूनच नीट दिसतं, चिकटून राहिलं तर अर्धी गाडी बाहेर काढल्याशिवाय काहीच कळत नाही.

ट्रकला मागून ठोकणं मोटारीला मोटारीने ठोकण्यापेक्षा जास्त जीवघेणं ठरतं, त्याचं कारण उंची. मोटारीचा पुढचा भाग धडकेत चेपला जाऊन आघात शोषून घेईल असा बनवलेला असतो. ट्रकच्या मागच्या बाजूला तो भाग खालून आत शिरतो आणि ट्रकची कड थेट काचेवर, चालकाच्या डोक्याच्या रेषेत येते. हे रोखण्यासाठी ट्रकला मागे आडवा लोखंडी दांडा बसवणं बंधनकारक आहे. पण रस्त्यावर तो वाकलेला, गंजलेला किंवा गायब झालेला दिसतोच.

मग पाऊस. ओल्या रस्त्यावर टायरची पकड इतकी कमी होते की ८०च्या वेगाला ६८ मीटरचे साधारण ९५ होतात, १००च्या वेगाला ९७चे १४०च्या घरात जातात. टायर गुळगुळीत झाले असतील तर त्याहून वाईट. टायरच्या खाचांचं काम पाणी बाहेर फेकायचं असतं. खाच १.६ मिलिमीटरपेक्षा उथळ झाली की टायर कायद्याने बाद, पण पावसात त्याच्या बरंच आधी तो रस्ता सोडून पाण्यावर तरंगायला लागतो. एबीएसमुळे चाकं जाम होत नाहीत आणि स्टिअरिंग ताब्यात राहतं, मात्र नसलेली पकड एबीएस कुठून आणणार? जूनमधला पहिला पाऊस तर फारच फसवा असतो. महिनोन्‌महिने सांडलेलं तेल आणि धूळ त्या पहिल्या सरीत वर येते आणि रस्ता निसरडा होतो. पावसात चार सेकंद ठेवा. खंडाळ्याला धुकं उतरलेलं असेल तेव्हा दिसण्याच्या अंतरात थांबता येईल एवढाच वेग ठेवा, मग तो ३० असला तरी.

घाटातल्या उताराबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण पुण्याहून मुंबईकडे येताना खंडाळा ते खोपोली हा तुकडा मोटारवाल्यांना जितका रम्य वाटतो तितकाच मालाच्या गाड्यांना कठीण आहे. चाळीस टनांचा ट्रेलर उतरताना त्याचं वजन सतत त्याला पुढे ढकलत असतं. शहाणा चालक वरच खालचा गिअर टाकतो आणि इंजिनच्या जोरावर गाडी धरून ठेवतो. ब्रेक तो अधूनमधून, गरजेपुरता वापरतो. डिझेल वाचवायला जो न्यूट्रल करून उतरतो, त्याचा सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक ड्रम तापत जातात, लायनर जळल्याचा वास येतो आणि एका क्षणी पेडल दाबूनही गाडी हवी तशी धरत नाही. ‘ब्रेक फेल झाले’ म्हणून बातमीत जे छापून येतं त्यातलं पुष्कळ असं घडत असतं. शिवाय ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात. पेडल दाबल्यावर हवा मागच्या चाकांपर्यंत पोहोचून ब्रेक आवळायला अर्धा सेकंद जाऊ शकतो आणि ८०च्या वेगाला अर्धा सेकंद म्हणजे ११ मीटर.

याचं पुरतं भान नसल्यामुळे मोटारवाले एक फार धोक्याची गोष्ट करतात. उतारावर ट्रकवाला पुढच्यापासून चांगलं अंतर राखून येत असतो. ती जागा ‘रिकामी’ दिसते म्हणून डावीउजवीकडून कट मारून त्यात घुसायचं आणि लगेच ब्रेक दाबायचा. ती जागा रिकामी नसते. त्या ट्रकला थांबायला तेवढी लागते म्हणून त्याने ती सांभाळलेली असते. उतारावर भरलेली गाडी तुमच्या मागे असेल, तर तिच्या वाटेतून बाजूला व्हा आणि तिला जाऊ द्या.

रात्री अंतराची व्याख्याच बदलते. पुढे दिवा असेल तर सेकंद मोजता येतात. दिवाच नसेल तर? ऊसतोडणीच्या हंगामात, दिवाळीनंतर मार्चपर्यंत, कोल्हापूर-सांगली-साताऱ्याकडच्या कुठल्याही रस्त्यावर रात्री गाडी चालवलेल्या माणसाला हे सांगायला नको. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस बाजूने आणि मागून फूट-दीड फूट बाहेर आलेला, मागचा दिवा उसाच्या पाल्याआड गेलेला, रिफ्लेक्टर असला तर धुळीखाली. वेग ताशी २०. तुम्ही ८०ने येताय. लो बीममध्ये अशी काळी वस्तू ४०-४५ मीटरवर दिसली असं धरलं, तर ट्रॉली चालती असताना तुम्ही अगदी थोडक्यात वाचाल. तीच ट्रॉली पंक्चर होऊन उभी असेल तर तुम्हाला ६८ मीटर हवेत, जे तुमच्याकडे नाहीत. समोरून येणाऱ्याच्या हाय बीमने डोळे दिपलेले असतील तर ४० मीटरही नाहीत. अशा रस्त्यावर रात्री ५०-५५च्या पुढे जाऊच नये. कारखान्यांनी हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येक ट्रॉलीला मागे लाल रिफ्लेक्टर पट्टी लावून घेणं हे काही खर्चाचं काम नाही. पट्टीवर प्रकाश पडला की ट्रॉली कितीतरी आधी दिसते, आणि एका ट्रॉलीच्या पट्टीचा खर्च किरकोळ असतो.

‘अंतर ठेवलं की कुणीतरी मध्ये घुसतोच’

ही तक्रार खरी आहे. घुसतात. तरीही हिशेब मांडून बघा. एक गाडी मध्ये आली की पुन्हा तीन सेकंदांचं अंतर करायला तुमचे फार तर तीन सेकंद जातात. द्रुतगती मार्ग साधारण ९५ किलोमीटरचा, तास-सव्वा तासाचा. त्यात तीस गाड्या तुमच्या पुढ्यात घुसल्या तरी तुम्ही पुण्याला पोहोचाल दीड मिनिट उशिरा. खालापूरच्या टोलनाक्यावर रांग लागली तर याहून जास्त वेळ जातो. कुणी घुसलं तर ब्रेक मारायचा नाही, हॉर्न दाबायचा नाही. ॲक्सिलरेटरवरचा पाय जरा सैल केला की थोड्या वेळात अंतर आपोआप तयार होतं.

अंतर ठेवण्याचा फायदा तुमच्यापुरता राहत नाही, ही गोष्ट फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. जपानमध्ये नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी केलेला एक प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. २३० मीटर परिघाच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या, सगळ्यांना एकच सूचना: ताशी ३०च्या आसपास, सारख्या वेगाने फिरत राहा. ना सिग्नल, ना खड्डा. थोड्या वेळातच तिथे कोंडी तयार झाली. कुणीतरी किंचित हळू झाला, मागच्याने अंतर कमी म्हणून त्याहून जरा जास्त ब्रेक मारला, त्याच्या मागच्याने आणखी जास्त, असं करत करत कुणीतरी पूर्ण थांबला आणि ही थांबण्याची लाट गाड्यांच्या उलट दिशेने मागे मागे सरकत राहिली. अमृतांजन पुलाच्या जागेपाशी किंवा मानखुर्दला तुम्ही अर्धा तास अडकून पुढे येता आणि कोंडीचं कारणच दिसत नाही, तेव्हा असंच काही घडून गेलेलं असू शकतं. तीन सेकंद राखून चालणारा चालक ही लाट त्याच्या अंतरात जिरवतो. पुढचा हळू झाला तरी त्याला ब्रेकच मारावा लागत नाही आणि त्याच्या मागच्या पन्नास गाड्यांनाही नाही.

शहरात वेग कमी असल्याने धडक सहसा कमी जीवघेणी असते, पण तिथेही दोन सेकंदांचा नियम तसाच लागू आहे. दुचाकीवाल्यांनी तर तो जास्तच पाळावा. त्यांना पुढच्या मोटारीच्या चाकांमधून निसटून येणारा खड्डा एक सेकंद आधी दिसला पाहिजे. सिग्नलला किंवा चढावर थांबताना पुढच्या गाडीची मागची चाकं जमिनीला टेकलेली दिसतील इतकं मागे थांबा. पुढचा क्लचवर मागे घसरला किंवा बंद पडला, तर बाजूने निघायला जागा राहते.

नव्या गाड्यांत पुढच्यापासून अंतर राखणारा क्रूझ कंट्रोल येऊ लागला आहे. चांगली सोय आहे. मात्र त्यात अंतराचे तीन-चार टप्पे असतात आणि सर्वांत कमी टप्पा अनेकदा एका सेकंदाच्या आसपास असतो. तो सर्वांत जास्त टप्प्यावर ठेवा. उभी असलेली वाहनं ही यंत्रणा प्रत्येक वेळी ओळखेलच असं नाही, हे गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेतच लिहिलेलं असतं. ते पान वाचा.

चूक कुणाची?

‘मागून ठोकलं म्हणजे मागच्याची चूक’ असं आपण म्हणतो. कायद्याचा रोख त्याच दिशेने आहे. पुढचं वाहन अचानक हळू झालं किंवा थांबलं तरी धडक होणार नाही इतकं पुरेसं अंतर मागच्या चालकाने ठेवायचं, हा नियम १९८९च्या रस्त्याच्या नियमावलीत होता आणि २०१७च्या नव्या नियमावलीतही आहे. तो मोडल्यास २०१९च्या दुरुस्तीनुसार ५०० ते १,००० रुपये दंड होऊ शकतो. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयासमोर एक प्रकरण आलं. ट्रकच्या मागे १०-१५ फुटांवर एक मारुती मोटार चालली होती, ट्रकने ब्रेक मारला, मोटार त्यावर आदळली. १०-१५ फूट हे सुरक्षित अंतर म्हणताच येत नाही, असं सांगून न्यायालयाने दोष मोटारीच्या चालकाकडे दिला. दंड पाचशेचा असला तरी अपघातानंतर नुकसानभरपाईच्या दाव्यात हा मुद्दा घरच्यांना किती महाग पडतो, याची कल्पना यावरून यावी.

पुढच्याला मात्र मोकळं रान नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका प्रकरणात निकाल दिला. कोइम्बतूरला महामार्गावर एका मोटारीने इशारा न देता अचानक ब्रेक मारला, मागचा दुचाकीस्वार विद्यार्थी तिच्यावर आदळून पडला, त्याच्या मागून आलेली बस त्याच्या पायावरून गेली आणि त्याचा पाय कापावा लागला. मोटारचालकाचं म्हणणं होतं की पत्नी गरोदर होती, तिला मळमळू लागलं म्हणून थांबलो. कारण खरं असलं तरी महामार्गावर मागच्यांना न सांगता मधोमध थांबता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं आणि जबाबदारीची विभागणी केली: मोटार ५० टक्के, बस ३० टक्के, आणि पुरेसं अंतर न ठेवल्याबद्दल व परवाना नसल्याबद्दल विद्यार्थी २० टक्के. अंतराचा विचार पुढच्या आणि मागच्या दोघांनीही करायचा असतो, हे या निकालात स्पष्ट दिसतं.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२च्या अहवालात देशभरात ४,६१,३१२ अपघात आणि १,६८,४९१ मृत्यू नोंदले आहेत. अपघातांच्या प्रकारांत ‘मागून धडक’ सर्वांत वर आहे, पाचातला एक अपघात तरी असाच. यातला मोठा भाग वाहनांच्या मधल्या मोकळ्या जागेने टळू शकतो आणि त्या जागेला एक रुपयाही लागत नाही, म्हणून मला या विषयाबद्दल इतकं पोटतिडकीने लिहावंसं वाटतं.

कुणी तुमच्या मागे चिकटला तर

तुम्ही अंतर राखताय, पण मागचा डिपर देत बंपरला येऊन चिकटला आहे. त्याला धडा शिकवायला ब्रेकला हलकी टाच देऊन बघणारे लोक आहेत. असं कधीही करू नका. वरचा दीड सेकंद त्याच्याकडे नाहीच, आणि गाडीत तुमची माणसं बसलेली आहेत.

त्याऐवजी तुमच्या पुढचं अंतर वाढवा, तीनचं चार-पाच सेकंद करा. म्हणजे पुढे काही झालं तरी तुम्हाला करकचून ब्रेक मारावा लागणार नाही, हळूहळू वेग उतरवता येईल आणि मागच्याला त्याच्याकडे नसलेला वेळ मिळेल. मग संधी मिळताच इंडिकेटर देऊन डावीकडच्या लेनमध्ये या. उजवी लेन ओव्हरटेकपुरतीच असते.

पुढे अचानक रांग थांबलेली दिसली तर ब्रेक लवकर आणि हलका सुरू करा, हॅझर्ड दिवे लावा. शेवटच्या गाडीपासून गाडीभर जागा सोडून थांबा, गिअर पहिल्यात ठेवा, बाजूला निघायची वाट बघून ठेवा आणि नजर आरशात. मागे दोन-तीन गाड्या येऊन नीट थांबल्या की मग गिअर न्यूट्रल करा आणि हॅझर्ड बंद करा.